रात्री दोनपर्यंत दारू: आमच्या गल्लीची हरकत आणि सुनावणी

इंग्लंडमध्ये एखाद्या दुकानाला दारू विकण्याची वेळ वाढवून हवी असेल, तर त्याला दुकानावर फिकट निळ्या रंगाचा ए-फोर कागद लावावा लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असा, आणि सलग 28 दिवस. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर तो लागला होता, पण लॉटरीच्या आणि पार्सल सेवेच्या जाहिरातींमध्ये गल्लीतल्या बहुतेकांच्या नजरेतून सुटला होता. पलीकडच्या घरातल्या निवृत्त नर्सबाईंनी तो वाचला, फोटो काढला आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सध्या रात्री अकरापर्यंत असलेली दारूविक्री आठवड्याचे सातही दिवस रात्री दोनपर्यंत न्यायची, असा तो अर्ज होता.

त्यानंतर हरकत लिहिण्यापासून सुनावणीपर्यंत आम्ही जे केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. इंग्लंडमध्ये राहणारी बरीच मराठी मंडळी अशा कागदाकडे पाहून पुढे जातात, आपलं इथे कोण ऐकणार असं म्हणतात. ऐकतात. फक्त काय ऐकतात आणि काय ऐकत नाहीत, ते आधी कळायला हवं.

जागा कशी आहे ते सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावरच फिरलं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटलेली जुनी घरं. अंगण नाही, पुढचं दार उघडलं की फुटपाथ. बहुतेकांच्या झोपायच्या खोल्या रस्त्याच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. दुकान कोपऱ्यावर, त्याच्या माथ्यावर दोन फ्लॅट. दुकानासमोर गाड्या लावायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक गाडी आमच्या दारात उभी करतं, इंजिन चालू ठेवून आत जातं आणि पिशवी घेऊन येतं. माझ्या मुलीची खोली नेमकी त्या जागेच्या वर.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायसन्सिंग विभागाकडून पूर्ण अर्ज मागवला. निळ्या कागदावर फक्त सारांश असतो. मूळ अर्जात दुकानाचा नकाशा असतो, मागितलेल्या वेळा वारांनुसार असतात, आणि वेळ वाढवून मिळाली तर त्रास होऊ नये म्हणून दुकानदार स्वतः काय काय करणार याची यादी असते. आमच्या दुकानदाराने लिहिलं होतं: सीसीटीव्ही, पंचविशीच्या आतला वाटेल त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याचा नियम, कामगारांच्या प्रशिक्षणाची नोंदवही आणि ‘कृपया शांतपणे जा’ अशी दारावर पाटी. रात्री बारा ते दोन दुकानात किती माणसं कामाला असतील, बाहेर कोणी लक्ष ठेवणार का, माल उतरवायची गाडी कधी येणार, यावर एक ओळ नव्हती. पुढे सुनावणीत आमचा अर्धा वेळ या न लिहिलेल्या गोष्टींवर गेला, म्हणून सांगते, अर्ज पूर्ण वाचा.

कायदा आहे 2003 चा लायसन्सिंग कायदा, इंग्लंड आणि वेल्ससाठी. तो 24 नोव्हेंबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी दारूचे परवाने मॅजिस्ट्रेट देत असत, या कायद्याने ते काम स्थानिक काउन्सिलकडे आलं. काउन्सिलने निर्णय घेताना चारच उद्दिष्टं पाहायची: गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं आणि मुलांना अपायापासून वाचवणं. हरकत या चारांपैकी कशाला तरी धरून असली पाहिजे. बाकी सगळं बाजूला काढलं जातं.

बाकी सगळं म्हणजे काय, हे ग्रुपवरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या संदेशांवरून लगेच दिसलं. ‘आधीच मैलभरात दारूची इतकी दुकानं आहेत, अजून वेळ कशाला?’ गरज आहे की नाही हा प्रश्न लायसन्सिंगमध्ये येतच नाही. ‘घरांच्या किमती पडतील.’ तोही नाही. ‘दारू वाईट, तब्येतीची नासाडी होते.’ स्कॉटलंडच्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हे पाचवं उद्दिष्ट आहे आणि तिथे दुकानांतून दारू सकाळी दहा ते रात्री दहा एवढीच विकता येते. इंग्लंडमध्ये यातलं काहीच नाही. मला स्कॉटलंडची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते आणि हे मी कोणालाही सांगेन, पण काउन्सिलच्या खोलीत ते सांगून उपयोग नव्हता.

मला खरा धक्का बसला तो सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेतल्या एका वाक्याने. कायद्याच्या कलम 182 खाली सरकार ही पुस्तिका काढतं आणि काउन्सिलला ती विचारात घ्यावी लागते. तिच्यात म्हटलं आहे की दुकान जितका वेळ खरेदीसाठी उघडं असतं तितका वेळ त्याला घरी न्यायची दारू विकायला साधारणपणे मोकळीक असावी, उद्दिष्टांवर आधारलेली चांगली कारणं असतील तरच वेळ कमी करावी. म्हणजे सुरुवातीलाच पारडं अर्जदाराकडे झुकलेलं. कारणं दाखवायचं काम आमचं.

नर्सबाईंना सह्यांची मोहीम काढायची होती. एका संध्याकाळी साठ-सत्तर सह्या सहज मिळाल्या असत्या. मला ती कल्पना फार जवळची वाटली, कारण माझी मावशी तिच्या गावात आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरलेली आहे. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर तिथल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. आणि आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नाही, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. तिथे माणसं मोजतात, म्हणून एकेक सही, एकेक मत सोन्याचं. इथे काउन्सिलच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की सह्यांचं निवेदन साधारणपणे एकच हरकत म्हणून धरलं जाईल, आणि प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, स्वतःला काय दिसतं-ऐकू येतं ते लिहिलं तर त्याला जास्त वजन येतं. नर्सबाई थोड्या हिरमुसल्या. पण मग त्यांनीच घराघरात जाऊन लोकांना लिहायला बसवलं, आणि तयार मजकूर कोणालाही दिला नाही. एकाच साच्यातली दहा पत्रं गेली असती तर ती दहा वाटलीच नसती.

काय लिहायचं? ‘खूप आवाज होतो’ हे कोणी वाचत नाही. तारीख, वार, वेळ, काय झालं, कुठून दिसलं, किती वेळ चाललं, झोप मोडली का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसांचा दुकानाशी संबंध दिसला का. पुस्तिकेत असंही आहे की दुकानाच्या लगतच्या परिसरापलीकडे माणूस कसा वागतो ती त्याची स्वतःची जबाबदारी, दुकानदाराच्या माथी ती येत नाही. म्हणून ‘शनिवारी रात्री पोरं ओरडत होती’ यापेक्षा ‘शनिवारी 10.50 ला तिघं दुकानातून निळ्या पिशव्या घेऊन बाहेर आले, आमच्या भिंतीला टेकून डबे फोडून प्यायले, 11.25 ला गेले, सकाळी डबे आणि फुटकी बाटली पायरीवर’ हे कैक पटींनी भारी. वरच्या फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा ॲम्ब्युलन्सवर काम करतो, त्याला नोंदी ठेवायची सवय. त्याची वही आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली होती. वेळ, घटना, बस्स. एक विशेषण नाही.

इथे एक अडचण उभी राहिली जिचा मी विचारच केला नव्हता. पोलिसांकडे आणि काउन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाकडे आमच्या गल्लीतून जवळजवळ तक्रारीच नव्हत्या. लोक खिडकी लावून घेत, कानात बोळे घालत, सकाळी काचा झाडून टाकत. कुणालाच एवढ्यातेवढ्यासाठी फोन करणं बरं वाटत नव्हतं. आता पोलिसांनी त्यांच्या नोंदी पाहिल्या, काही विशेष सापडलं नाही, आणि त्यांनी हरकत घेतली नाही. अर्जदाराशी सीसीटीव्हीबद्दल दोन-तीन अटी ठरवून ते बाजूला झाले. पर्यावरण-आरोग्य विभागही गप्प राहिला. ज्या खात्यांचा शब्द समितीसमोर सगळ्यात जड, ती दोन्ही आमच्या बाजूने नव्हती. गल्लीत यावर खूप चीड होती. मला ती चीड पटली नाही. रेकॉर्डवर जे नाही ते त्यांनी आणायचं कुठून? शेजारी दारूचं दुकान असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: त्रास झाला की त्या त्या वेळी कळवा, संदर्भ क्रमांक घ्या, तो लिहून ठेवा.

आमच्या मदतीला एक वेगळीच गोष्ट आली. त्या 28 दिवसांतच ऑगस्टअखेरची बँक हॉलिडे आली आणि दुकानाने त्या जोडसुट्टीसाठी तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस देऊन रात्री दोनपर्यंत विक्री केली. कायद्यात ही सोय आहे: नेहमीच्या परवान्याबाहेर जाऊन, एका वेळी जास्तीत जास्त 168 तास, वर्षातून ठरावीक वेळा. तिच्यावर हरकत फक्त पोलीस आणि पर्यावरण-आरोग्य विभागच घेऊ शकतात, शेजाऱ्यांना विचारत नाहीत, कळवतही नाहीत. आम्हाला ते कळलं बारा वाजून गेल्यावर, दिवे चालूच राहिले तेव्हा. त्या रात्री गल्लीत जो जो जागा होता त्याने लिहून ठेवलं. शहरातले पब बंद झाल्यावर लोक टॅक्सीने आले, कारण आसपास दारू मिळणारी दुसरी जागा उघडी नव्हती. टॅक्सी थांबल्या, दारं आपटली, रस्त्यावर हाका मारणं, कोणीतरी स्पीकर लावला, कोणीतरी आमच्या शेजाऱ्यांच्या दारात लघवी केली. दोनला दुकान बंद झालं, रस्ता रिकामा व्हायला पावणेतीन वाजले. ‘वेळ वाढवली तर काय होईल’ हा अंदाजाचा प्रश्न होता, त्याचं उत्तर त्या रात्रींनी प्रत्यक्ष देऊन टाकलं.

दरम्यान मी दुकानदाराशी बोलायला गेले. कुणी मला सांगितलं नव्हतं, पण आपण रोज ज्याच्याकडून दूध-पाव आणतो त्याच्याविरुद्ध लिहायचं आणि तोंडाने काही बोलायचं नाही, हे मला जमणारं नव्हतं. तो पंजाबी आहे, मला भाभीजी म्हणतो, आम्ही हिंदीतच बोलतो. त्याने चहा मागवला नाही, पण आतल्या खोलीत स्टूल दिलं. “भाभीजी, दिवसा सगळे सुपरमार्केटमध्ये जातात. माझ्याकडे येतात ते रात्रीच. अकराला फ्रिजवर पडदा ओढला की गिऱ्हाईक दुधाची बाटलीसुद्धा न घेता परत जातं.” भाडं वाढलं होतं, फ्रिजचं विजेचं बिल वाढलं होतं. हॉस्पिटलमधून रात्रपाळी संपवून येणाऱ्या लोकांना घरी जाताना दोन बिअर घ्याव्याशा वाटल्या तर त्यात वाईट काय, हेही त्याने विचारलं. माझ्याकडे त्याला वाईट म्हणायला कारण नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. मग मी त्याला बँक हॉलिडेच्या रात्रीच्या नोंदी दाखवल्या. त्याने त्या नीट वाचल्या. त्या रात्री काउंटरवर त्याचा पुतण्या एकटाच होता, आणि बाहेर काय चाललंय ते पाहायला जायची त्याची हिंमत झाली नव्हती, हे त्याने स्वतःहून सांगितलं. शुक्रवार-शनिवार बारापर्यंत करून पाहूया का, असं मी विचारलं. त्याने सल्लागाराशी बोलतो म्हटलं. सल्लागाराने अर्ज आहे तसाच पुढे न्यायचं ठरवलं. अशी तडजोड सुनावणीआधी झाली तर कायद्याला ती चालते. सगळ्यांनी हरकती मागे घेतल्या तर सुनावणीचीही गरज उरत नाही.

नावापत्त्याचा प्रश्न वेगळा. हरकत निनावी देता येत नाही. तुमचं नाव आणि पत्ता अर्जदाराला जातो आणि समितीच्या अहवालातही येऊ शकतो. एका एकट्या राहणाऱ्या बाईंना याची भीती वाटली आणि त्यांनी लिहिलंच नाही. खरोखर धमकीची भीती असेल तर काही तपशील झाकायची तरतूद आहे, पण ती अपवाद म्हणून. आम्ही आमच्या वॉर्डच्या काउन्सिलरना विचारलं, त्यांनी स्वतःच्या नावाने हरकत दिली आणि त्यात त्या बाईंचं म्हणणं ओळख न देता मांडलं. पूर्वी फक्त ‘जवळपास’ राहणाऱ्यालाच हरकत घेता यायची. ती अट 2012 मध्ये गेली, आता कोणीही लिहू शकतं. पण ज्याची खिडकी समोर आहे त्याचं वजन वेगळं, हे समितीच्या प्रश्नांवरून कळतंच.

हरकतींची मुदत संपल्यावर कामाचे 20 दिवस उलटायच्या आत सुनावणी घ्यावी लागते. नोटीस येते, तुम्ही येणार का, बोलणार का, कोणी प्रतिनिधी असेल का, हे आधी कळवायचं. नवीन कागद आयत्या वेळी काढून चालत नाही, सुनावणीच्या दिवशी द्यायचा तर सगळ्या बाजूंची संमती लागते. नवा मुद्दाही काढता येत नाही, लेखी जे दिलं तेच फुलवून सांगायचं. म्हणून आम्ही फोटो, नोंदी, गल्लीचा साधा हाताने काढलेला नकाशा, सगळं आधीच पाठवलं. नकाशात कुठलं घर, कुठली खिडकी झोपायच्या खोलीची, गाड्या कुठे थांबतात. समितीच्या अध्यक्षांनी सुनावणीभर तोच कागद समोर ठेवला होता.

खोली साधी होती, लांब टेबल. तीन काउन्सिलर, त्यांचा कायदेसल्लागार, अहवाल मांडणारा लायसन्सिंग अधिकारी, एका बाजूला दुकानदार आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. प्रत्येक बाजूला सारखा वेळ. कोर्टासारखी शपथ नाही, ओरडाआरडा नाही. मला इंग्रजीत बोलताना अडखळायला होतं, म्हणून मी लिहून नेलं होतं, आणि अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं, सावकाश बोला.

वकील चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्याने आवाज न चढवता दोन मुद्दे मांडले. पहिला, पोलीस गप्प आहेत. इथे त्याने थ्वेट्स नावाच्या ब्रुअरी कंपनीच्या खटल्यातला 2008 चा निकाल काढला. विरल (Wirral) नावाच्या भागातल्या एका पबची वाढीव वेळ रहिवाशांच्या अपिलानंतर मॅजिस्ट्रेटनी कमी केली होती; उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण पोलिसांची हरकत नसताना आणि पुरावा नसताना नुसत्या भीतीवर वेळ कापता येत नाही. दुसरा मुद्दा असा की सध्या अकराच्या ठोक्याला दुकान दारू थांबवतं म्हणून साडेदहानंतर एकदम झुंबड उडते. वेळ वाढवली तर गिऱ्हाईक पसरेल आणि गोंगाट उलट कमी होईल. ऐकायला हे पटतं. आमच्यातले दोघं-तिघं चुळबुळायला लागले.

त्याला उत्तर वहीने दिलं. एका काउन्सिलरने विचारलं, तुमच्या नोंदी बहुतेक अकराच्या आसपासच्या आहेत, मग दोनपर्यंतच्या विक्रीने काय फरक पडेल? ॲम्ब्युलन्सवाल्या मुलाने दोन रात्री शेजारी शेजारी ठेवल्या. एक नेहमीचा शनिवार: शेवटची नोंद साडेअकराच्या सुमाराची, त्यानंतर काही नाही. दुसरा बँक हॉलिडेचा: झुंबड अकराला पातळ झाली नाहीच, आणि बारानंतर नवीन लोक, टॅक्सीने, दुसरीकडून आलेले. म्हणजे तेच गिऱ्हाईक पसरत नाही, वेगळं गिऱ्हाईक येतं. अकराला दुकान थांबतं म्हणून गल्लीला साडेअकराला झोप मिळते, दोनला थांबलं तर पावणेतीनला. कायदेसल्लागाराने त्या पानाची झेरॉक्स अहवालात कुठे आहे ते विचारून खूण केली. आणि तो पुरावा होता, भीती नव्हती, त्यामुळे थ्वेट्सचा निकाल आमच्या आड येत नव्हता.

आमच्या काउन्सिलरनी आणखी एक निकाल काढला, जो मला नंतर वाचून फार आवडला. 2011 मध्ये अपील न्यायालयाने लंडनच्या सोहो भागातल्या एका पबच्या खटल्यात सांगितलं की परवान्याचा निर्णय म्हणजे फक्त कोण खरं बोलतंय ते ठरवणं नव्हे. मालकाला होणारा फायदा, परिसराला मिळणारी सोय आणि शेजाऱ्यांना होणारा त्रास यांचं माप घेऊन त्या विशिष्ट जागी काय वाजवी ठरेल ते ठरवायचं असतं. त्या विशिष्ट जागी. हायस्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाराच्या रस्त्यावर, जिथे वर घरं नाहीत, तिथे दोनपर्यंत दुकान उघडं असायला माझी काही हरकत नाही. आमच्या गल्लीत फुटपाथची रुंदी ही माझी मुलगी आणि गिऱ्हाईक यांच्यामधलं अंतर आहे. मी एवढंच बोलले. मुलीच्या परीक्षेबद्दल लिहून नेलेला परिच्छेद वाचला नाही, तो लेखी हरकतीत होताच.

दुकानदाराला अध्यक्षांनी थेट विचारलं: रात्री एक वाजता बाहेर गर्दी झाली तर कोण काय करणार? वकिलाने उत्तर द्यायला सुरुवात केली, अध्यक्षांनी हात वर करून दुकानदारालाच बोलू दिलं. त्याने खरं सांगितलं, की एकटा माणूस दुकान सोडून बाहेर जाऊ शकत नाही. त्याच्याबद्दल मला तेव्हा आदर वाटला, आणि अजूनही वाटतो. तो खोटं बोलू शकला असता.

समिती आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली. शुक्रवार आणि शनिवार रात्री बारापर्यंत, बाकी रात्री पूर्वीप्रमाणे अकरा. अटी: त्या दोन रात्री दहानंतर दुकानात किमान दोन माणसं, साडेसहा टक्क्यांहून जास्त तीव्रतेची बिअर आणि सायडर (सफरचंदाची दारू) सुटे डबे म्हणून विकायचे नाहीत, सीसीटीव्हीचं चित्रण 31 दिवस ठेवायचं, रात्री दहा ते सकाळी सात माल उतरवायचा नाही आणि काचेच्या बाटल्या डब्यात ओतायच्या नाहीत, दुकानासमोरचा फुटपाथ बंद करताना झाडायचा, आणि शेजाऱ्यांना एक फोन नंबर द्यायचा, जो विक्रीच्या वेळात उचलला जाईल. लेखी निर्णयात प्रत्येक अटीमागचं कारण होतं, आणि बँक हॉलिडेच्या नोंदींचा उल्लेख नावानिशी होता.

नर्सबाईंना बाराही जास्त वाटले. रात्री साडेअकराला झोप लागते, बाराला परत मोडणार, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. निर्णयाविरुद्ध 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, अर्जदाराला आणि हरकत घेणाऱ्यालाही. पण तिथे हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, काउन्सिलच्या सुनावणीत तसं नसतं. आम्ही बसून बोललो आणि अपील करायचं नाही असं ठरवलं. दुकानदारानेही केलं नाही. माझ्या मते निर्णय योग्य झाला. ज्या गोष्टी आम्हाला इतकी वर्षं सतावत होत्या, रात्री बाटल्या ओतण्याचा आवाज, स्ट्राँग सायडरचे सुटे डबे घेऊन भिंतीला टेकणारे, त्या अकराच्या आधीच्या होत्या, आणि वेळ वाढवायचा अर्ज आला नसता तर त्यांच्यावर अटी लागल्याच नसत्या.

अटी लागल्या म्हणजे पाळल्या जातात असं नाही, म्हणून परवान्याची प्रत मी काउन्सिलच्या नोंदवहीतून काढून ठेवली आहे. ती सार्वजनिक असते, कोणालाही पाहता येते. अट मोडणं हा गुन्हा आहे, आणि त्रास परत सुरू झाला तर कोणीही रहिवासी परवान्याच्या फेरविचाराचा अर्ज कधीही करू शकतो. त्यात समिती वेळ कमी करू शकते, अटी वाढवू शकते, परवाना काढूनही घेऊ शकते. फेरविचारालाही हेच लागतं: तारीख, वेळ, काय पाहिलं. ॲम्ब्युलन्सवाला मुलगा आता दुसरीकडे राहायला गेला, जाताना त्याने वही मला दिली. दुकानदाराचा नंबर मी आजवर क्वचितच फिरवला आहे. दर वेळी तो किंवा पुतण्या दारात आला आणि लोकांना पुढे जायला सांगितलं. दोघं असतात म्हणून येता येतं. त्या वेळाही मी वहीत लिहिल्या आहेत, फोन किती वाजता केला आणि रस्ता किती वाजता मोकळा झाला, कारण उद्या फेरविचार झालाच तर त्याने अट पाळली होती हेही समितीसमोर यायला हवं.